दुबईचा लॅपटॉप नको

सकाळी सुकेशनी भाकरी थापत होती, सासरे शेषराव ओसरीवर चहा फुंकून पीत होते, तोच दाराची कडी वाजली. धाकटा दीर सतीश रिसोडहून पहिल्या गाडीनं आला होता, तोही मोबाइल पुढं धरूनच.

“वयनी, तुमचं काम झालं. माहा दोस्त दुबईहून परवा निघून राह्यला. हा लॅपटॉप आणतो म्हणते. इथल्याहून बारा हजारानं सस्ता. फक्त लवकर हो म्हणा.”

शेलूबाजारच्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं सुकेशनी घरूनच करायची. जुना लॅपटॉप मागच्या आठवड्यात कायमचा झोपला होता आणि नवा ती स्वतःच्या कमाईतून घेणार होती. फोटो तिनं बोटांनी मोठा करून पाहिला. चीज खरंच देखणी होती. बारा हजारही थोडे नव्हते.

“बटनांवर हे काय लिवलं?”

“अरबी. बाजूले इंग्रजी हाये ना.”

“आन् बिघडला त?”

“वारंटी हाये.”

“इथं चालते?”

सतीश जरा अडखळला. “तिथं चालते. दोस्ताच्या हातानं पाठवू ना.”

“म्हणजे ऐन रिटर्न भरायच्या टायमाले माहा लॅपटॉप इमानात, आन् मी व्यापाऱ्यायले सांगू का थांबा, भाऊजीचा दोस्त सुटीवर आला का भरतो?”

“सस्ता भेटून राह्यला त घे ना वं,” शेषराव ओसरीवरून म्हणाले. “नाही कायले म्हणतं?”

भाकरी तव्यावर टाकून ती बाहेर आली. “मामाजी, थ्रेशर घेतलं तवा तुमी पयले मिस्त्रीचं घर पाहून आले. दूरचं सस्तं होतं, ते सोडलं. सोयाबीनच्या दिवसात मिस्त्री हाकेवर पाह्यजे, म्हणाले. मंग माह्याच यंत्राचा मिस्त्री दुबईले काहून?”

शेषरावांनी बशी खाली ठेवली. त्या थ्रेशरचं कौतुक त्यांनी गावभर सांगितलेलं. “ते बराबर. पण बारा हजार...”

“ते माहे जाऊन राह्यले. वाशिमच्या दुकानात मी विचारून आली. बिघडला त दुरुस्त होईपर्यंत दुसरा वापराले देते. आजच घ्याले जातो.”

“वयनी, तुमी वकील व्हायले पाह्यजे होत्या,” सतीश हसला. “दोस्ताले काय सांगू?”

“खजूर आणाले सांगा.”

शेषराव शर्ट चढवू लागले. “चाल मंग, मी येतो संगं. दुकानदाराशी मीच बोलतो.”

“या ना मामाजी. फक्त एक करा. तो तुमाले विचारीन, तवा उत्तर मले देऊ द्या.”