जिनोआतले चार दिवस आणि बाबांची कव

ज्या बंदराविरुद्ध तुम्ही शाळेपासून पत्रकं वाटलीत, तसलीच बंदरं बांधणाऱ्या कंपनीत तुमच्या नवऱ्याला नोकरी लागली, तर तुम्ही त्याच्याबरोबर गेला असतात का?

मी गेले. २०१८ च्या जानेवारीत डहाणूच्या आमच्या घरासमोर जीप उभी होती. आईने सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून दिले. बाबा ओटीवर जाळं शिवत होते, ते उठले नाहीत. जीप सुरू झाली तेव्हा मान वर न करता म्हणाले, "पत्रकं कोणाला देऊन चाललीस?"

मी पिशव्या मांडीवर ओढून घेतल्या.

माझा नवरा महेश सरावलीचा, भातशेती करणाऱ्या घरातला. समुद्राचे नकाशे काढतो, पण समुद्रात कमरेच्या पुढे कधी गेलेला नाही. हॉलंडला कंपनीत रुजू व्हायला आठवडा होता, म्हणून वाटेत इटलीत जिनोआला चार दिवस थांबायचं त्याने ठरवलं. लग्नानंतर आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

मी तिथे राग धरूनच उतरले. बंदर म्हणजे मेलेली खाडी, असं मी किती भिंतींवर लिहिलं होतं. पण ते शहर मला आवडलं, आणि हे कबूल करायला मला वर्ष लागलं. उतारावरच्या गल्ल्या, दोरीवर वाळणारे कपडे, बेसनाचा जाडसर पुडला कागदात घालून देणारी म्हातारी. सकाळी धक्क्यावर जाऊन बसायचं आणि दुपारपर्यंत उठायचं नाही. मोठ्या जहाजांच्या शेजारी छोट्या होड्या होत्या, आणि त्यांतली माणसं आमच्यासारखीच पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून शिवत होती.

तिसऱ्या दिवशी महेशने एका दुकानातून तिथल्या समुद्राचा नकाशा घेतला. बुडालेलं जहाज, खडक, जाळी लावायची जागा, सगळं त्यावर होतं. मी म्हटलं, आपला किनारा दाखव. त्याने लॅपटॉप उघडला. आमच्या गावासमोर नुसती पांढरी जागा आणि खोलीचे आकडे. जिथे आजोबांपासून आमची कव आहे, म्हणजे खुंट ठोकून जाळं लावायची घराची ठरलेली जागा, तिथे काहीही नव्हतं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं नाही. कोणी लिहूनच दिलं नाही, तर नकाशावाला काय काढणार?"

मला त्याचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा. 'समुद्र आमचा' हे मी हजार वेळा लिहिलं, पण नेमका कुठला, ते एकदाही नाही. मला माहीतच नव्हतं. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका आणि किनाऱ्यावरचं काहीतरी एका रेषेत आलं की बाबा होडी थांबवतात, एवढंच मी ऐकलं होतं. दुसरी खूण होडीबाहेर कोणी बोलत नाही. मुली होडीत जात नाहीत.

धक्क्यावरूनच फोन लावला. बाबांना सगळं समजावलं, कागद किती महत्त्वाचा ते सांगून कवेची दुसरी खूण विचारली.

"बाय, तुझा नवरा कुठं नोकरीला?"

मी सांगितलं, तुम्हाला ठाऊक आहे.

"मंग कशी सांगू?" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई विचारत होती, बोंबलांना वास तर नाही ना लागला.

चौथ्या दिवशी आम्ही हॉलंडला निघालो. आज दीड वर्षानंतरही इथे महेशच्या टेबलावर नकाशे असतात, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळते. बाबा चुकले असं मला वाटत नाही. माझं घर आता असं आहे, की कवेचा पत्ता मला सांगायला घरचीच माणसं कचरतात.

पण तुम्ही, किनाऱ्यावरच्या पोरापोरींनो, तिथे आहात. म्हणून एवढं करा. येत्या भांगाला, पाण्याची ओढ कमी होऊन होड्या वर असतील तेव्हा आपल्या बापाजवळ, काकाजवळ बसा. कव कुठली, खुणा कोणत्या, किती पिढ्यांची, सगळं विचारा. मुलींनीही विचारा. लिहा, त्यावर त्यांची सही किंवा अंगठा घ्या आणि ग्रामसभेत उभं राहून वाचा. मला मात्र पाठवू नका.