न वापरलेलं हेल्मेट

कोन गावातलं माझं वर्कशॉप विकायला काढलं, तेव्हा कपाटातून सँडब्लास्टिंगचं, हवेची नळी लावलेलं हेल्मेट निघालं. त्याच्या रबराचा वास आला आणि नामदेव आठवला.

वाळूच्या फवाऱ्याने तो लोखंडी पाइपांचा गंज उडवायचा, तोंडाला ओला गमछा बांधून. एकदा म्हणाला, "शेठ, आज हेल्मेट द्या. खोकला थांबत नाय."

"वाळूने काच घासली जाते. तपासणीला साहेब आले की दाखवायला ठेवलंय ते."

तो गमछा भिजवायला गेला. केवढी महागाची वस्तू वाचवली, असं मला वाटलं होतं. चाळिशीच्या आत नामदेव गेला, फुप्फुसात वाळूची धूळ साठून.

आज गिऱ्हाइकाने नितळ काचेवरून बोट फिरवत विचारलं, "वापरलंय का?"

"एकदाही नाही," मी खरं तेच सांगितलं.