बाळंतपणाच्या दवाखान्यातले डॉक्टर

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणाले आणि लगेच मराठीत समजावलं. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, आपलीच माणसं वैरी वाटतात. हा मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी ताब्यात राहतो. माझा धाकटा भाऊ सुरेश शेजारी बसून भिंतीकडे बघत होता.

"किती दिवस झाले?"

"चौदा महिने," मी म्हणाले.

"मी चार वर्षं इथं येतोय. दर दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी."

ते शांतपणे बोलले. मला मात्र कुणाचा तरी गळा धरावासा वाटला.

सुरेश निमगाव सावाला माहेरच्या घरात एकटा राहून शेती बघायचा. टोमॅटो तोडायला येणाऱ्या बायका आपल्याला विष घालणार म्हणून त्याने जेवण सोडलं, तेव्हा मी सासरहून, राजुरीहून, धावत गेले. गावातल्या डॉक्टरांनी 'अशक्तपणा' म्हणून सलाइन लावलं. दोन-तीन महिने सलाइनच चाललं होतं.

मग आमची चुलती, सखूकाकू, म्हणाली, "पोरी, ह्याला भायेरचं हाय. दवाखान्यात नेऊन चिघळंल." तिनेच देवऋषी दाखवला. त्याने पाच अमावास्या सांगितल्या, त्याही सलग. चौथ्या अमावास्येला भावकीत सुतक पडलं, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी शिकलेली बाई, तरी मुकाट्याने पुन्हा नारळ घेऊन गेले.

दुसऱ्या फेरीत सुरेशने विहिरीत उडी घेतली. शेजाऱ्यांनी काढला. देवऋषी म्हणाला, बांधून ठेवा. गोठ्यातलं दावं आणलं. गाठ मी मारली. हे लिहिताना स्वतःची शिसारी येते, पण लपवणार नाही.

पोलिओचा डोस द्यायला आलेल्या नर्सबाईंनी त्याच्या मनगटावरचे वळ पाहिले आणि त्या माझ्यावर खेकसल्या, "अवो ताई, बैल हाय का त्यो? नारायणगावला मनाचं डॉक्टर येत्यात की! बाळंतपणाच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

त्या इमारतीवर पाटी फक्त प्रसूतिगृहाची. मनाच्या डॉक्टरांची पाटी लावली तर पेशंट आत पाऊल टाकत नाहीत, असं कंपाउंडर म्हणाला. म्हणून ज्यांना गरज आहे त्यांना डॉक्टर इथे आहेत हेच कळत नाही. धन्य आहे!

चिठ्ठी घेऊन बाहेर आलो, तर गरोदर बायकांच्या बाकावर पदराआड तोंड करून सखूकाकू बसलेली. शेजारी तिची लेक बनी.

"दोन वर्सं आणतीय तिला," काकू पुटपुटली. "गावात पित्ताचं सांगते. तू बोलू नको गं, सोयरीक चाललीय."

"आणि मला देवऋषी दाखवलास?"

"मंग काय करू? हितला पत्ता दिला असता तर तू इचारलं असतंस, काकू, तुला कसं ठावं?"

मी तिथेच तिला शिव्या घातल्या. बायका आ वासून बघत राहिल्या. बनी रडायला लागली, तेवढ्याचंच मला वाईट वाटतं. काकूला मी आजही माफ केलेलं नाही.

सुरेशला मी राजुरीला आणलं. पहिले काही आठवडे त्याचे हात थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, हा साइड इफेक्ट, म्हणजे औषधाचा नको असलेला परिणाम. त्यांनी आणखी एक गोळी जोडली आणि बजावलं, बरं वाटलं तरी मनाने बंद करायचं नाही. हळूहळू आवाज कमी झाले. एक दिवस त्याने भाकरी मागून खाल्ली. मी चुलीपुढेच रडले.

त्यानंतर मी गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, हळदीकुंकवाला, जिथे तिथे त्या डॉक्टरांचा वार सांगत सुटले. नवरा म्हणायचा, "आपल्या पोरीला कोण करंल मंग?"

त्याचं खरं झालं. काही वर्षांनी लेकीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, मामा काय करतात? मी आजारासकट, डॉक्टरांसकट सांगितलं. चहा तसाच ठेवून ते उठले. लेक चार दिवस माझ्याशी बोलली नाही. हे मला विहिरीइतकंच लागलं.

महिन्याभराने त्याच मुलाच्या आईचा फोन आला. "ताई, त्ये डॉक्टर अजून बसत्यात का?"

शिवी ओठांवर आली होती. ती गिळली. वार सांगितला, मजला सांगितला, जुने कागद न्या म्हणाले. कोणासाठी, ते विचारलं नाही.

"कुणाला बोलू नका बरं," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव घेणार नाही," मी म्हणाले. "माझ्या भावाचं घेणार. त्याला विचारलंय मी. तो म्हणाला, घे."