पादा क्या?

लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डातल्या आमच्या सीनियर मॅडम सकाळी आल्या की आधी तळवे घासून गरम करायच्या, मग बाळाच्या पोटावर हात ठेवून आईला विचारायच्या, “पादा क्या?” आतड्याचं ऑपरेशन झालेल्या बाळाचं दूध त्या उत्तरावर अडलेलं असायचं. मॅडमचा चहाही.

मी नवी इंटर्न, माझ्या तोंडून तो शब्द निघेना. बरगीकडच्या खेड्यातून आलेल्या एका आईला मी विचारलं, “गैस पास हुई?”

ती म्हणाली, “हमारे यहाँ तो चूल्हा है, दीदी.”

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याशी त्या मराठीतच बोलायच्या. “काहून लाजून राहिली? तिचं पोट्टं उपाशी आहे न!”

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीही त्या बाळाचं पोट फुगलेलंच होतं. खिडकीत मॅडमच्या चहावर साय धरली होती. मी बॅग उचलली, पण पाय निघेना. तेवढ्यात ती आई ओरडली, “दीदी, पाद दिया!”

अख्खा वॉर्ड हसला. मॅडमनी त्या पोटावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

घरी आईनं विचारलं, “कशी झाली गं पोस्टिंग?”

मी दारातूनच ओरडले, “पादलं बाळ!”