खडखडणारा डिफरन्शियल

जपानच्या गुन्मा प्रांतातले निवृत्त न्हावी कुमागाइ टोकुझो सकाळपासून हवेत तरंगत होते. जुने सुटे भाग विकणाऱ्या नागिसाबाईंकडे टोकुझोंच्या तीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारसाठी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आला होता. वळणावर एकच मागचं चाक नुसतं गरगरू नये, दोन्हींनी जोर लावावा म्हणून तो असतो. गाडीच्या चाकांच्या दांड्यांशी त्याचे दाते जुळले. बाईंनी एक बाजू व्हाइसच्या जबड्यात आवळली, टोकुझोंनी दुसरी लांब पान्याने फिरवून पाहिली. ती सहजी फिरेना, म्हणजे आतल्या प्लेटा झिजलेल्या नव्हत्या.

"गाडीला चालेल," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही घाटात कधी जाता हो?"

"भाजी आणायला जातो की."

"मग कशाला हवाय? पार्किंगमध्ये हळू वळताना नुसता खडखडेल."

"खडखडतो?" टोकुझोंचे डोळे लकाकले. "द्या बांधून."

शनिवारी भाजीबाजाराच्या पार्किंगमध्ये डिफरन्शियल बसवलेली गाडी वळली आणि असा काही खडखडाट झाला की एक गृहस्थ पिशवी टाकून धावत आले. "काका, गाडी मोडली तुमची."

बाजूच्या सीटवर मांडीवर कांद्याची पात घेऊन बसलेल्या हिसानोबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारले. "शोभतं का या वयात?"

टोकुझोंनी गाडी थांबवली.

"आता थांबलात कशाला?" हिसानोबाई म्हणाल्या. "शेजारच्या साकुमाबाई अजून बाजारातून बाहेर यायच्यात."