दुसरी शेपटी

तवा चिंचवडातल्या आमच्या घरात चारच जीव व्हते: मी, माजी सासू म्हंजी आत्याबाई, दारातली म्हैस आन पडवीत ऱ्हानारे आमचे भाडेकरू. माजा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्साला तापानं गेला, म्हनून पडवी भाड्यानं दिली. ह्या भाडेकरूंवानी बारीक बघनारा मानूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात झाला न्हाई, आन मोठं काईच न दिसनाराबी झाला न्हाई. दारात आडव्या बसलेल्या म्हशीला धडकायचे, आन "माफ करा" म्हनून तिला वळसा घालायचे. सदरा उलटा, चष्मा सुतळीनं बांधलेला. औषधाच्या कारखान्यात बाटल्या तपासायचं काम. सुटी झाली की बरनी घिऊन म्हशी डुंबायच्या डबक्यावर. तिथलं हिरवं पानी आनायचे, थेंब काचेवर ठिवायचे आन भिंगाच्या यंत्राला डोळा लावायचे. त्ये बरनीशी बोलायचे, आत्याबाई देवाशी, मी म्हशीशी. दिस दिस आमी एकमेकांशी बोलायचो न्हाई.

एकदा जेवताना आत्याबाईंनी इचारलंच, "अवं, त्या पान्यात हाय तरी काय? झाड का जनावर?"

"आजी, तेच तर भांडण आहे. एका पेशीचा जीव. उन्हात झाडासारखं स्वतःचं अन्न करतो, अंधारात ठेवला की आयतं मिळेल त्यावर जगतो. झाडवाले म्हणतात आमचा, प्राणीवाले म्हणतात आमचा."

"मंग तो माजा जावई," आत्याबाई म्हनल्या. "सासरवाडीला आला की निस्तं आयतं." भाडेकरू येवढे हसले की चष्मा आमटीत पडला.

त्यांना त्या डबक्यात एक नवी जात गावली व्हती. चार वर्सं तिच्यावर लिवत व्हते. पुन्याच्या कॉलेजातल्या साहेबांनी सांगितलं व्हतं, लेख चित्रं काढून आना, हितं नोकरीला लावतो. पन ह्यांचा हात कापायचा. म्हनले, "वहिनी, तुम्ही डाळ निवडता ते मी बघतो. तुम्हीच काढा."

नवरा गेल्यापासून दारात रांगोळी काढाय मला बंदी व्हती. हाताला सवय ऱ्हायली न्हवती. पेन्सिल धरली, पयल्या दोन रेघा वाकड्या गेल्या, मंग बोटं बसली. भिंगात डोळा लावला. हिरवं, चपळ, अंगात एक लाल ठिपका, आन म्होरं आसूडावानी शेपटी फिरवत चाललेलं. मी दिसलं तसं काढलं.

"ही दुसरी रेघ कसली?"

"दुसरी शेपटी. आखूड हाय. अंगाला चिकटून मागं वळलीया."

"एकच आहे, वहिनी. शेपट्या मोजूनच जात ठरते. माझा सगळा लेख एकीवर उभा आहे."

"तुमी म्हनत आसाल तर पुसते. पन दोन हायती."

पुसू दिली न्हाई. आठ दिस सुटीनंतर डोळा लावून बसले. त्यांना काई ती दिसली न्हाई. नवव्या दिशी सगळा लेख चुलीपाशी घिऊन आले आन फाडाय लागले. मी हात धरला. "अवं, माजं काय ऐकता? मी चौथी शिकलेली बाई!"

"बघताना तुम्हाला काय हवं होतं?"

"मला काय हवं आसनार?"

"मला हवं होतं. एकच असावी असं. म्हणून तुमचं खरं."

कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली. महिन्याभरात त्यांनी कारखानाबी सोडला. कुठं जाता इचारलं तर म्हनले, "जिथं चांगलं भिंग असेल तिथं." एक ट्रंक, एक बरनी. जाताना म्हशीला बरूबर वळसा घातला, आन माज्याकडं न बघता पाया पडले. मी त्यांच्यापरास ल्हान, तरी. मला लई अवघड झालं. मी घरात गेले. नीट निरोपबी दिला न्हाई.

म्होरं आत्याबाई गेल्या, म्हैस गेली, डबकं बुजवून त्येच्यावर कंपनीची शेड झाली. रडले न्हाई. कामं व्हती. पन पडवी पुन्ना भाड्यानं दिली न्हाई. कदी डाळ निवडता निवडता हात थांबतो. वाटतं, तवा माज्याच डोळ्यावर झापड तर आली न्हवती? एका मानसाची चार वर्सं मी उगा चुलीत घातली?

म्हनून वाचनाऱ्यांना सांगनं हाय. आसा मानूस कुटं भेटला, न्हाईतर त्येचं कुनी भेटलं, तर इचारा की दुसरी शेपटी त्यांना कदी दिसली का. आन एक कार्ड टाका. न्हाई म्हनले तरी टाका.