सुजेचं औषध

कपाशी बुडत होती त्या वर्षांत आमच्याकडे कुणाचंही डोकं दुखलं, की लोक म्हणायचे, शेतीची काळजी आहे. ताईचंही तसंच झालं. ती अंजनगाव सुर्जीला राहायची. रोज सकाळी तिचं डोकं ठणकायचं, उलटी व्हायची, आणि भाऊजी समजावायचे, "कपाशीचा विचार सोड वं." पुढे बोलताना तिला शब्द सापडेनात. विळीला ती "ते कापाचं" म्हणाली, तेव्हा मी घाबरले आणि तिला अकोल्याला, जठारपेठेत माझ्या घरी घेऊन आले.

मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठीभोवती सूज आहे, कवटीच्या आत दाब वाढलाय. अशात ऑपरेशन मेंदूला सोसणार नाही. आधी आठवडाभर सूज उतरवायचं औषध देऊ, मग बघू.

तिसऱ्या दिवशी ताई आपली आपण उठून बसली. डोकं ठणकायचं थांबलं होतं. भूक तर अशी लागली, की भाकर आणि ठेचा मागून मागून खाल्ला. शब्दही परत आले. माझ्या वरणाला नावं ठेवली, लहानपणी मी तिची बांगडी फोडली होती त्यावरून भांडलीसुद्धा. भाऊजी हरखून गेले.

"आता कायले डोकं उघडता? बरी तर झाली."

ताईनंही तेच धरलं. "मले घरी जाऊ दे."

मी डॉक्टरांना विचारून आले होते. सूज उतरली होती, गाठ जागच्या जागी होती. औषधाचा जोर फार दिवस टिकणार नव्हता. तिच्याजवळ बसून मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू म्हणशीन तर करतो."

ऑपरेशन झालं. ताई डोळे उघडायची, आमच्याकडे बघायची, पण बोलली नाही. एक शब्दसुद्धा नाही. सतराव्या दिवशी ती गेली.

भाऊजींनी मला कधी बोल लावला नाही. तेरवी झाल्यावर मी अंजनगावहून निघाले, तेव्हा ते स्टँडवर सोडायला आले. एसटी लागलेली होती. माझी पिशवी वर देता देता म्हणाले, "घरी नेलं असतं तं चार दिवस बोलली असती वं."

आवाजात राग नव्हता. मी खिडकीशी बसले. पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी सुटली.